विसाव्याला उभी असलेली गाडी

इतिहासाच्या पानांत वाहनें येतात तीं बहुधा धांवतांना येतात. तोफांचे गाडे रणाकडे निघालेले असतात, व्यापाऱ्यांचे तांडे घाट उतरत असतात, संतांच्या पालख्या पंढरीची वाट चालत असतात. हीं वाहनें वर्षाचे उरलेले महिने कोठें असत, त्यांच्यावर छप्पर कोणतें असे आणि ऊन-पावसांतून तीं पुढच्या हंगामाला शाबूत कशीं निघत, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. तथापि वाहनाचें आयुष्य पुष्कळसें या निजलेल्या महिन्यांतच ठरत असतें. चालणारी गाडी झिजते आणि ती झीज डोळ्यांना दिसते. उभी गाडी मात्र आंतून सुटत जाते, आणि हंगामाची पहिली फेरी होईपर्यंत तें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पुणें जिल्ह्याच्या पूर्व भागांतील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांचा इतिहास या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे.

शिरूर हें घोड नदीच्या कांठचें गांव; म्हणून लोकांच्या तोंडीं त्याचें नांव घोडनदी असें रूढ आहे. दौंड भीमेच्या कांठीं वसलें आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वराला वर्षाकांठीं साडेपांच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. तेथून फार दूर नसलेल्या या दोन तालुक्यांत तो साधारणपणें पांचशें मिलिमीटरांच्या घरांत येऊन थांबतो. तोही सारखा पडत नाहीं. ज्येष्ठ-आषाढांत थोडा शिडकावा व्हावा, श्रावणांत आभाळानें नुसतें झुलवावें आणि भाद्रपद-आश्विनांत एकदम सरी याव्यात, असा येथला क्रम. उलट चैत्र-वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि हवा इतकी कोरडी होते कीं, उघड्यावर पडलेलें लांकूड तडकूं लागतें. येथल्या वाहनाला पावसाइतकेंच, किंबहुना पावसाहून अधिक, भय उन्हाचें असतें. कोंकणांतील नाखवा आपलें तारूं पावसापासून वांचवितो. देशावरील गाडीवानाला आपली गाडी दोन विरुद्ध ऋतूंपासून वांचवावी लागते. हा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे पुढील सर्व गोष्टींचा उलगडा होतो.

वाहनांना विसावा देण्याची पद्धत मराठ्यांच्या राज्यांत केवळ घरगुती नव्हती. तो राज्यव्यवहाराचा भाग होता. पावसाळा लागतांच फौजांनीं छावणी करावी आणि दसऱ्यास सीमोल्लंघन करून मुलुखगिरीस निघावें, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. त्याचें कारण नुसतें शूरांना विश्रांति देणें हें नव्हे. भीमा व घोड या नद्यांच्या कांठची काळी जमीन भिजली म्हणजे चाक तुंब्यापर्यंत रुततें, आणि मग बैलांच्या चार जोड्या जुंपूनही तोफ हालत नाहीं. इंग्रजांनाही हा नियम मोडतां आला नाहीं. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह झाल्यावर पेशव्यांच्या नांवानें जी इंग्रजी फौज ठेवण्यांत आली, तिचा तळ शिरूरला पडला. १८१७ च्या डिसेंबरच्या शेवटच्या रात्रीं कप्तान स्टॉन्टन जी पलटण घेऊन शिरूरहून निघाला आणि दुसऱ्या दिवशीं कोरेगांवास पेशव्यांच्या फौजेशीं लढला, तिच्याबरोबर दोन तोफा होत्या. त्या युद्धाच्या तारखा ओळीनें मांडून पाहाव्यात. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची, कोरेगांवची १ जानेवारी १८१८ ची, अष्टीची २० फेब्रुवारीची. आणि बाजीराव शरण गेला तो ३ जूनला, म्हणजे मृग नक्षत्राच्या उंबरठ्यावर. राज्य बुडविणारें तें सारें युद्ध चाकें फिरूं शकतात अशा महिन्यांत बसलें.

छावणीच्या काळांत वाहनांची निगा कोण राखी? शिवकालीन राज्यव्यवस्थेंत अठरा कारखाने व बारा महाल सांगितलेले आहेत. त्या कारखान्यांत फरासखाना येतो. तंबू, राहुट्या, कनाती, गालिचे यांचें तें खातें. पुण्यांत त्याचें नांव आजही एका चौकीच्या रूपानें टिकून आहे. बारा महालांत पालखी महाल निराळा आणि बहिली महाल निराळा. बहिली म्हणजे बैलांचा रथ. पालख्यांसाठीं एक खातें व रथ-गाड्यांसाठीं दुसरें खातें असावें, यावरून वाहन ही केवळ वापरण्याची वस्तु नसून सांभाळण्याची वस्तु आहे, ही जाणीव राज्यकर्त्यांना होती हें स्पष्ट होतें.

ती जाणीव अधिक स्पष्ट शब्दांत पाहावयाची असेल तर रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्राकडे वळावें लागतें. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतील हा ग्रंथ राजनीतीचा म्हणून वाचला जातो. परंतु त्यांत साध्या जपणुकीविषयींची दृष्टि फार सूक्ष्म आहे. पावसाळ्यांत गडावरील तोफांना व दरवाजांना तेल आणि मेण द्यावें, तोफेच्या बत्तीच्या छिद्रांत मेण भरावें, वर आच्छादन घालून त्या खराब होऊं देऊं नयेत, असें तेथें सांगितलें आहे. दारू वरचेवर बाहेर काढून तिला ऊन द्यावें, असेंही सुचविलें आहे. आरमाराविषयींचा उपदेश तर याहून लक्षांत ठेवण्याजोगा आहे. पाऊस सुरू होण्यापूर्वीं पंधरा-वीस दिवस आधींच गलबतें किल्ल्याच्या आश्रयाच्या बंदरांत छावणीस घालावींत, आणि दरवर्षीं एकाच बंदरावर तो भार टाकूं नये, कारण तेथल्या रयतेला त्याचा उपद्रव होतो. विसाव्याला ठेवलेलें वाहन कोणाच्या तरी अंगणांत राहतें आणि त्या अंगणाचा धनीही विचारांत घ्यावा लागतो, हा विवेक तीनशें वर्षांपूर्वीं एका मंत्र्याला सुचला होता.

तेल, मेण, आच्छादन आणि वेळेआधीं केलेली तयारी, हीं आज्ञापत्रांतील चार सूत्रें गडावरची खरीं. परंतु खालच्या गांवांत त्यांचें रूप थोडें बदलतें. त्यासाठीं गाडीची घडणच पाहिली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तिसाव्या-चाळिसाव्या वर्षापर्यंत या मुलुखांत गाड्या थोड्या, आणि ज्या होत्या त्यांची चाकें भरीव, ठेंगणीं व जड असत. मालाची बहुतेक ने-आण बैलांच्या पाठीवरून चाले. १८३६ च्या सुमारास, इंदापूरकडे गोल्डस्मिड आणि विंगेट यांची जमीन-मोजणी चालू असतांना, मोजणी खात्यांतील लेफ्टनंट गेसफर्ड यानें हलक्या, आऱ्यांच्या चाकांच्या गाड्यांचा पुरस्कार केला. पुणें-सोलापूर रस्त्यावर टेंभुर्णी येथें अशा गाड्या बनविण्याचा कारखानाही निघाला. नव्या रस्त्यांवर ही हलकी गाडी झपाट्यानें पसरली आणि एका पिढींत शेतकऱ्याच्या दारापुढें ती उभी राहिली.

ही सुधारणा मोठी होती; तथापि तिच्याबरोबर एक नवी जबाबदारीही आली. भरीव चाक म्हणजे दोन-तीन जाड फळ्यांचा ठोकळा. तें उन्हानें तडकलें तरी एकदम विस्कटत नाहीं. आऱ्यांच्या चाकाची गोष्ट वेगळी. मधला तुंबा, बारा आरे आणि सहा वांकड्या तुकड्यांचा घेर असें चाक घेतलें, तर तुंब्यांत बारा, घेरांत बारा आणि तुकड्या-तुकड्यांमध्यें सहा, असे तीस सांधे एका चाकांत होतात. दोन चाकांचे साठ. हे साठही सांधे खिळ्यांवर नव्हे, तर लोखंडी धांवेच्या आवळण्यावर उभे असतात. लोहार धांव शेणीच्या आगींत लाल करतो, ती फुगली कीं चाकावर चढवितो आणि वरून पाणी ओततो. धांव आकसते आणि साठ सांधे एका मुठींत धरल्यासारखे घट्ट होतात.

आतां वैशाखाचें ऊन या चाकावर पडूं द्यावें. लांकूड लांबीला जवळजवळ आकसत नाहीं, परंतु आडवें पुष्कळ आकसतें. आऱ्याची लांबी तशीच राहते, पण तुंब्यांत बसलेलें त्याचें टोंक बारीक होतें. घेराच्या तुकड्यांची जाडी कमी होते. त्याच वेळीं तापलेलें लोखंड किंचित् वाढतें. एक वस्तु लहान होत असतां तिला धरणारी दुसरी मोठी होते, आणि धांव सुटते. गाडी तेव्हां चालत असो वा झाडाखालीं उभी असो, हें घडतच असतें.

यावर खेड्यांतला सर्वांना ठाऊक असलेला इलाज म्हणजे चाकें नदींत किंवा ओढ्यांत भिजत घालणें. त्यानें लांकूड फुगतें आणि गाडी त्या दिवसापुरती घट्ट होते. परंतु हा इलाज कर्ज काढून सण करण्यासारखा आहे. पाण्यानें फुगूं पाहणारें लांकूड लोखंडी कड्यांत अडकलेलें असतें; बाहेर वाव न मिळाल्यामुळें त्याचे तंतू आंतल्या आंत चेपले जातात. तें पुन्हां वाळलें म्हणजे पूर्वीपेक्षांही लहान होतें. म्हणून एकदां भिजविलेलें चाक पुढच्या उन्हाळ्यांत लौकर सुटतें, आणि दरवर्षीं भिजविलेलें चाक लौकरच लोहाराकडे जातें. पावसांत उघडी पडलेली गाडी हेंच दुःख आपोआप भोगते. शिरूर-दौंडच्या तुटक पावसांत ती चार दिवस भिजते, दहा दिवस वाळते, पुन्हां भिजते. कोंकणांतील संततधारेपेक्षां ही भिजण्या-वाळण्याची आवर्तनें सांध्यांना अधिक घातक ठरतात.

म्हणून या भागांतील खरी जपणूक पाणी अडविण्यांत नव्हती. लांकडाचा ओलावा एकसारखा ठेवण्यांत होती. तिचे नियम साधे होते. पहिला नियम सांवलीचा. गाडी दाट लिंबाखालीं किंवा छपरांत उभी करावयाची. छप्पर नसेल तर निदान चाकांवर तरट अगर कडबा टाकावयाचा. खडकवासल्याचें धरण १८७९ मध्यें पुरें होऊन मुठा कालव्याचें पाणी दौंडकडे खेळूं लागल्यावर ऊंस आला आणि छपरासाठीं पाचटाची सोय झाली. दुसरा नियम उंचवट्याचा. चाक उघड्या मातींत उभें ठेवल्यास खालचा भाग ओल शोषतो आणि वाळवी त्याच वाटेनें वर चढते. म्हणून खालीं दगड द्यावयाचा, आणि जूं वर राहील असा आधार लावून साट्यावरचें पाणी निथळूं द्यावयाचें. तिसरा नियम तेलाचा. लांकूड सर्वांत अधिक पाणी पितें तें कापलेल्या टोंकांतून. तेव्हां आऱ्यांच्या मुळाशीं, साट्याच्या टोंकांशीं आणि तुंब्याच्या तोंडाशीं तेल आधीं मुरवावयाचें. करंजाच्या तेलाच्या वासानें किडाही दूर राहतो. आंसावरचें जुनें वंगण पुसून नवें भरावयाचें, कारण जुन्या वंगणांत सांचलेली रेती उभ्या गाडींतही ओल धरून ठेवते आणि लोखंड खाते.

चौथा नियम वाऱ्याचा, आणि तोच पुष्कळांना उमगत नाहीं. गाडी चहूंबाजूंनीं घट्ट गुंडाळली म्हणजे ती सुरक्षित झाली असें वाटतें. वस्तुतः लांकूड कुजविणारी बुरशी हवेंतून येतच असते. लांकडांतील ओलावा शेंकडा वीसच्या खालीं राहिला तर तिला वाढतां येत नाहीं. घट्ट आच्छादनाखालीं जमिनीची वाफ कोंडते आणि कोरड्या मुलुखांतही कुजण्यापुरती ओल तयार होते. वर आडोसा आणि बाजूंनीं मोकळीक, ही खेड्यांतील उघड्या छपराची रचना गरिबीची खूण मानली जाते. परंतु वाहनाच्या दृष्टीनें तीच शहाणपणाची आहे.

या नियमांत चूक झाली तर काय होई, हें समजण्यासाठीं त्या काळच्या शेतकऱ्याची स्थिति आठवावी लागेल. १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत सावकारांविरुद्ध जो उठाव झाला, तो भीमथडींत पसरला आणि शिरूर तालुक्यांतही पोंचला. ठिकठिकाणीं रयतेनें कर्जाचे रोखे जाळले. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला. ज्या घरांत बियाण्यासाठींही सावकाराकडे जावें लागे, तेथें मोडलेलें चाक म्हणजे आणखी एक रोखा. जोंधळा माघ-फाल्गुनांत कापून खळ्यावर आणावयाचा त्याच वेळीं चाक सुटलें, तर गाडी भाड्यानें घ्यावी लागे, किंवा धान्य शेतांतच पडून राही. १८७९ च्या शेतकी कर्जनिवारण कायद्यानें रयतेला न्यायालयांत कांहीं आधार दिला; पण आऱ्याचा सांधा कायद्यानें घट्ट होत नाहीं. पसाभर तेल आणि दोन दगड यांचें मोल तेथें खरोखर कळे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ मध्यें ग्रामव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथाला ‘गांवगाडा’ हें नांव दिलें, तें वाचकांना समजावून सांगावें लागलें नसेल.

तोंवर गाडीचें कामही पालटलें होतें. पुण्याहून निघालेला लोहमार्ग दौंडवरून १८५८ मध्येंच दिकसळपर्यंत गेला आणि १८६० मध्यें सोलापूरला पोंचला. १८७८ मध्यें दौंड-मनमाड फांटा उघडला आणि दौंड मोठें जंक्शन झालें. लांब पल्ल्याचा माल आगगाडीनें उचलला. बैलगाडीकडे स्टेशनापर्यंतची वाहतूक, शेतीचीं कामें आणि माणसांच्या हौसेचा प्रवास उरला. रांजणगांवचा महागणपति शिरूर तालुक्यांतच. सिद्धटेकला जावयाचें तर दौंडकडून भीमेपर्यंत गाडीनें यावें आणि होडींतून पैलतीर गांठावें. चैत्र-वैशाखाच्या जत्रा, लग्नें, लेकींचीं माहेरपणें यांसाठीं छकडे व कमानीवर तट्ट्या बांधलेल्या गाड्या सजत. अशी गाडी वर्षांतून थोडेच दिवस बाहेर पडे आणि बाकीचे महिने उभी राही. म्हणजे तिची जपणूक कामाच्या गाडीहूनही कठीण. अपवाद तेवढा पालखीच्या रथाचा. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनीं १६८५ मध्यें सुरू केलेला देहूचा सोहळा दौंड तालुक्यांतील यवत, वरवंड या मुक्कामांवरून जातो तो ऐन पावसाच्या तोंडीं. इतरांची गाडी छपराकडे वळते तेव्हां तो रथ वाटेला लागतो.

हौसेच्या वाहनांत शर्यतीचा बैलगाडा हा शिरूर, खेड, आंबेगांव, जुन्नर या भागांचा खास. घाटांत धांवणारा हा गाडा ओझें वाहण्यासाठीं नसतो. वेगासाठीं त्याचें लांकूड तासून हलकें केलेलें असतें. जितकें बारीक लांकूड तितका ऊन-ओलीचा परिणाम जलद. या गाड्यांवर अलीकडे मोठा विश्रामकाळ लादला गेला. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शर्यतींना मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजीं तिनें सशर्त मोकळीक दिली आणि १८ मे २०२३ रोजीं राज्याचा कायदा घटनापीठानें मान्य केला. बैलांच्या यातनांचा प्रश्न गंभीर होता, आणि तो न्यायालयांत लढला जाणें योग्यच होतें. वाहनाच्या इतिहासापुरतें पाहिलें तर साडेसात वर्षें, म्हणजे आठ उन्हाळे, ज्या गाड्यांना धांवण्याचें कारण नव्हतें त्यांना जपण्याचेंही कारण उरलें नव्हतें. पुढचा हंगाम येणार ही खात्री गेली कीं तेलाचा हात आधीं थांबतो.

कामाच्या गाड्यांतून लांकडी चाक हळूहळू गेलें. त्याच्या जागीं हवेच्या रबरी चाकाची, लोकांच्या बोलण्यांतली ‘डनलॉप गाडी’ आली. न्हावरें येथील घोडगंगा आणि पाटस येथील भीमा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, तेव्हां उंसाच्या हंगामांत रस्त्यावर ओळीनें दिसूं लागल्या त्या याच गाड्या. सांध्यांची चिंता मिटली; परंतु उन्हाचें वैर संपलें नाहीं. रबराला ऊन व हवा यांनीं बारीक भेगा पडतात, आणि उभ्या गाडीचें चाक एकाच जागीं दबून राहतें. सांवली, खालीं ठोकळे आणि अधूनमधून चाक फिरविणें, हे उपाय येथेंही तेच.

प्रवासासाठींच बांधलेलें घरवजा वाहन युरोपांत प्रथम गाजलें तें १८८५ मध्यें. गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त आरमारी डॉक्टरानें ब्रिस्टलच्या एका कारखान्यांतून ‘वाँडरर’ नांवाची दोन घोड्यांची गाडी करवून घेतली आणि तींतून इंग्लंड-स्कॉटलंडची सफर केली. ती लांकडी गाडी अद्याप जतन केलेली आहे. महाराष्ट्र शासनानेंही २०२१ मध्यें अशा फिरत्या घरांच्या पर्यटनासाठीं धोरण आंखलें. अशी गाडी ज्यांच्या दारीं येईल त्यांना हंगाम संपतांच तोच जुना विचार करावा लागेल. छपराच्या सांध्यांतून पाणी झिरपतें कीं काय हें पाऊस येण्यापूर्वीं पाहावें. आंतील पाणी काढून टाकावें. बॅटरीची तार सोडून ठेवावी, कारण ती वापराविनाही उतरत जाते. खिडक्यांच्या रबराला ऊन लागूं देऊं नये. आच्छादन घालावें तें वारा खेळेल असें, आणि महिन्या-दोन महिन्यांनीं एकदां दार उघडून आंतला कुबट वास घ्यावा. ओल कोठें धरली आहे तें नाक डोळ्यांच्या आधीं सांगतें.

दसऱ्याला शिरूर-दौंडकडे आजही गाडी धुवून तिला झेंडूची माळ घालतात. ट्रॅक्टर असो, मोटार असो वा जुना छकडा असो, पूजा सारखीच. त्या सकाळीं गाडीवान जूं उचलून किंवा किल्ली फिरवून पाहतो, तेव्हां मागल्या चार महिन्यांचा हिशेब त्याच्यापुढें येतो. ज्यानें ज्येष्ठ लागण्यापूर्वीं छपराखालीं दोन दगड ठेवले होते, त्याची गाडी त्याच दिवशीं शिंव ओलांडते.